पालथं मापटं

सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला,
हळद पॉलिशच्या गिरणीत
मी लाल उजेडाची रेघ टांगली,
पट्ट्यापासून दोन हात उंचीवर.

इतर ठिकाणी असा उजेड वाटेत दिसत नाही,
पडतो तिथेच दिसतो.
पण इथे धूळ आहे हळदीची,
डोळ्यांत, जेवणाच्या डब्यात,
बाबगोंडा मापाड्याच्या भुवयांत.
म्हणून इथे तो वरपासून खालपर्यंत दिसतो,
वाळत घातलेल्या विरळ लुगड्यासारखा,
आणि हळकुंडं त्यातून
त्याला चुणी न पाडता पलीकडे जातात.

सोपं आहे, मी सांगितलं.
पट्टा रिकामा, तर रेघ सरळ.
हळद आली की रेघ वाकते,
उंची जेवढी, बाक तेवढा.
बाजूचा तिरका कॅमेरा तो बाक टिपतो
सेकंदाला दोनशे वेळा.
दोनशे काप, एकाला एक लावून ठेवायचे,
ढीग किती ते कळतं.
न थांबवता. हात न लावता.

"हात न लावता," तो म्हणाला
आणि स्वतःचे हात बघत बसला.
उजव्या करंगळीला पेर एकच.
बाकीची दोन जुन्या ड्रमनं घेतलेली.

मग म्हणाला, "आमी एक म्हणत न्हाई, मॅडम.
पयल्या मापाला लाभ म्हणतो.
लाभ, मग दोन, मग तीन.
तुमचं कशापासनं मोजतंय?"
शून्यापासून, मी म्हटलं.
तो तंबाखू थुंकायला बाहेर गेला.

मंगळवारी आकडा फुगला.
पोती तेवढीच, वजन तेवढंच,
हळद मात्र शंभराला अकरानं जास्त.
मी काच पुसली, कोन तपासले,
पुण्याला फोन लावला, तिथे कुणी उचलला नाही.
बाबगोंडानं पट्ट्याखाली कान नेला.
"दमलाय ह्यो. वजन आलं की मागं सरतोय."
खरंच होतं. पट्टा रेंगाळला,
हळद रेघेखाली जास्त वेळ राहिली,
आणि यंत्राला वाटलं, ढीगच लांब आहे.
उशीर झाला तो त्यानं माल म्हणून धरला.
पट्ट्याला टेकवून मी एक छोटं चाक बसवलं,
आता तो जेवढा सरकेल तेवढंच धरायचं.

खात्री करायला ठरलेल्या मापाची वस्तू हवी होती.
त्यानं घरून मापटं आणलं,
लाकडी, पितळी कड्यांचं, काठ झिजलेला,
आणि पट्ट्यावर पालथं ठेवलं.
मुद्दाम. माझ्याकडे न बघता.

नऊशे घन सेंटिमीटर, पडदा म्हणाला.
"म्हंजे भरल्यालं?"
भरलेलं.
"आत काय हाय?"
काही नाही.
"मग?"
मग मी सांगत बसले:
उजेड वरून पडतो, वरचंच बघतो,
खालची पोकळी त्याला कळत नाही,
हळदीचं तसं नसतं, ती दाबून बसते,
फरक शंभरात दोन-तीनाचा,
आणि तेवढा आपण चालवून घेतो.
हे सगळं बरोबर होतं.
माझा आवाज उगाच चढला होता.

चहाच्या सुट्टीत यार्ड गप्प झालं.
"हळू सोडा," तो म्हणाला,
आणि पट्ट्यावर पंजा टेकून
बरोबरीनं चालला, तीन पावलं.
रेघ बोटांवरून चढली, शिरांवर थरथरली,
करंगळीपाशी लवकर उतरली,
मनगटाशी मी थांबवलं.

"तळव्याखालचं बी धरलं का ह्यानं?"
धरलं. भरलेलं म्हणून.
"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "खोडू नका."

त्यानं हात उचलला. चहा आला, मी पट्टा चालूच ठेवला.
रबरावरच्या पिवळ्या धुळीत
पंजाचा ठसा होता, साडेचार बोटांचा,
खालून फेरी मारून तो परत आला,
थोडा पुसट.
रेघेखालून गेला.
रेघ सरळच राहिली.